पानावरचा थेंब

डोळे मिटा बरं. पूर्ण मिटा, फटीतून बघायचं नाही.

आता तुमच्या छातीच्या खाली, जरा डावीकडे, एक पिशवी आहे अशी कल्पना करा. लांबट वांगं वाकवून ठेवावं तशी. वर फुगीर, खाली उजवीकडे निमुळती. या पिशवीला दोन दारं. वरचं दार अन्ननळीकडचं. तिथला राखणदार भोळा आहे, आत आलेल्याला कधीमधी परतही जाऊ देतो. खालचं दार मात्र कडक. स्नायूचं जाड कडं आहे ते. जेवणाची अगदी पातळ पेज होईपर्यंत ते हलत नाही. मग उघडतं, घोटभर सोडतं आणि पुन्हा मिटतं. त्या दाराच्या पलीकडे लहान आतड्याचा पहिला तुकडा. विळ्यासारखा वाकलेला, आद्यांत्र म्हणतात त्याला. विळ्याच्या कुशीत स्वादुपिंडाचं डोकं टेकलेलं. आणि त्याच कुशीच्या बाजूला एक बारीकसं भोक. त्यातून यकृताकडचं पित्त येतं, हिरवट पिवळं.

दिसलं? मग डोळे उघडा आणि ऐका. असेच मी एकदा पाचवीच्या वर्गाला डोळे मिटायला सांगितले होते आणि एका मुलीनं ते मिटलेच नव्हते.

"वैजयंता, डोळे मीट."

"मिटल्यावर बोटं दिसत न्हाईत, बाई."

मिरजेच्या पूर्वेला, पानमळ्यांच्या गावात मी शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. मुलांना चिखलाचं जठर करायला सांगितलं होतं. सगळ्यांची पिशवी तयार होऊन वाळायला लागली होती, आणि वैजू अजून मांडीवर तिची घेऊन बसली होती. मी जवळ जाऊन पाहिलं. पिशवी सुबक होती. आद्यांत्राचा विळाही झकास वळवला होता. पण खालच्या दाराशी तिनं चिखलाचा जाड गोळा थापला होता.

"अगं, दार बुजलं की तुझं."

"बुजलं तर काय हुतंय, बाई?"

मागच्या बाकावरून बापू ओरडला, "वरनं भडाभडा येतंय!" वर्ग खिदळला. वैजू हसली नाही.

"वरनं येतंय ते कुठल्या रंगाचं असतंय?"

असा प्रश्न आला की शिक्षकाला गूळ मिळाल्यासारखं होतं. मी फळ्याकडे धावले. दाराच्या पलीकडे हिरव्या खडूनं पित्त काढलं. म्हटलं, "हे बघा. पित्त दाराच्या पुढे येऊन मिळतं. अडथळा त्याच्याही पुढे आतड्यात असला, तर उलटीत पित्त येणार. हिरवी, पिवळी उलटी. पण दारच बंद असेल, तर पित्ताला मागे यायला वाट कुठे आहे? मग जे प्यायलं तेच बाहेर. दूध प्यायलं असेल तर पांढरं, दह्यासारखं."

"हिरवं कवाच न्हाई?"

"दार बंद असेल तर कधीच नाही."

ती हातातल्या चिखलाकडे बघत राहिली. मग सगळ्या वर्गासमोर, मोठ्यानं म्हणाली, "मग आमच्या केरबाचं दार बंद हाय."

केरबा हा तिचा भाऊ. महिन्याभराचा. आधीचं मूल गेलं असलं की पुढच्याला असं नाव ठेवतात, केरात टाकून परत उचलायचं, म्हणजे मृत्यूला वाटतं हे नको असलेलंच आहे. वैजूच्या पाठचा यशवंता असाच दीड महिन्याचा होऊन गेला होता.

"पितंय आन् लगीच वकतंय," वैजू सांगत होती. "नुसतं गळत न्हाई बाई, उडतंय. पार भितीवर जातंय. आन् मग लगीच मूठ चोखतंय. भूक लागलेलीच असती त्येला. आत्या म्हणती आईचं दूध ईखारी हाय. मुंग्यांनीच सांगितलंय."

वर्ग आता हसत नव्हता. शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर निघाले.

वैजूचे वडील हिंदुराव. त्यांचा पानमळा घराला लागूनच होता. शेवगा, शेवरी आणि पांगाऱ्यावर चढवलेले वेल, आणि आत भरदुपारी संध्याकाळ असल्यासारखी गार सावली. पानवेल ही त्या लोकांची देवता. आत शिरताना राजासुद्धा वहाणा बाहेर काढील. मी चपला काढल्या. ओसरीवर अक्काताई पानं निवडत बसल्या होत्या. त्या हिंदुरावांच्या थोरल्या बहीण. तरणेपणीच सासर सोडून आल्या आणि आईविना वाढणाऱ्या भावाला त्यांनीच मोठा केला. गाव म्हणायचं, "नांदली न्हाई." का नांदल्या नाहीत, ते कुणी म्हणायचं नाही.

"या बाई. पोरीनं काय केलं?"

"पोरीनं प्रश्न विचारला. बाळाला बघायला आलेय मी."

बाळ त्यांच्याच मांडीशी, दुपट्यावर होतं. टाळू खाली गेलेली, मांड्यांची कातडी सैल, आणि कपाळाला आठ्या. महिन्याचं मूल आणि चेहरा मात्र घर चालवायची चिंता लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. त्याची आई मालन गोठ्याच्या उंबऱ्यात बसली होती. तिच्या छातीला फडकं आवळून बांधलेलं. ती उठून जवळ आली नाही, नुसती बघत राहिली.

"हिचं दूध बंद करून आठवडा झाला," अक्काताई म्हणाल्या, "गाईचंच देतोय आता." आणि त्यांनी बोंडल्यानं पाजायला घेतलं. मूल अधाशासारखं प्यायलं.

मी त्याचं अंगडं वर सारलं. आणि मला दिसलं. डाव्या बरगडीखालून एक फुगवटा निघाला आणि कातडीखालून चेंडू सरकावा तसा हळूहळू उजवीकडे गेला. त्याच्या मागून दुसरा. पिशवी दाराला धडका देत होती. दार हलत नव्हतं. मग मूल आकसलं आणि सगळं दूध कारंज्यासारखं उडून माझ्या पदरावर आलं.

पांढरं. नुसतं पांढरं.

"बघितलासा?" अक्काताई म्हणाल्या. "गाईचं बी टिकत न्हाई. आतडं एकदा ईखानं जळलं की मग अमृत दिऊन काय उपेग?"

"अक्काताई, तुम्ही दूध बदललं. उलटी बदलली का?"

"न्हाई."

"मग दोष दुधात कसा असेल? तो पिशवीत आहे. हेच आईचं दूध पिऊन वैजू वाढली ना?"

अक्काताईंनी एक सडकं पान बाजूला फेकलं. "पोरींचं काय घिऊन बसलासा, बाई! पोरी ईखावर बी वाढत्यात."

वैजू माझी पुस्तकांची पिशवी आणि आपलं चिखलाचं जठर धरून तिथंच उभी होती.

"आन् आमी काय उगाच बोलतोय व्हय?" त्या पुढे म्हणाल्या. "यशवंताच्या वक्ताला मी सोता बघितलंय. मळ्यातलं कळीचं कवळं पान आनलं, त्येच्यावर हिच्या दुधाचा थेंब सोडला आन् मुंग्यांच्या वाटंवर ठिवला. मुंग्या आल्या, हुंगलं, आन् माघारी फिरल्या. मुंगी खोटं बोलती का? आमच्यात आजी-पणजीपास्नं असंच बघत्यात. तवापास्नं हिला मळ्यात पाऊल टाकू दिलं न्हाई. वेल जळंल."

यशवंताला मळ्याच्या कडेच्या शेवग्याखाली पुरलं होतं. म्हणजे मालनला तिथंही जाता येत नव्हतं. ते मला वैजूनं वाटेत सांगितलं होतं.

तेवढ्यात हिंदुराव मळ्यातून आले. हातापायाला चिखल, दातांत काडी. मी त्यांना सांगितलं: मूल उपाशी मरतंय, दूध आतड्यापर्यंत पोचतच नाही, आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या. त्यांनी सवयीनं बहिणीकडे पाहिलं.

"आक्का?"

"तितं पोट फाडत्यात, हिंदू. एवढुशा जिवाचं पोट फाडणार का तू?"

हिंदुराव खाली बसले. त्यांच्या पुढ्यात वैजूनं चिखलाचं जठर आणून ठेवलं. "आबा, हितं बंद हाय. हितनं म्होरं काय जात न्हाई." त्यांनी दाराशी थापलेल्या त्या गोळ्यावरून अंगठा फिरवला. मग तोंडातली काडी काढून टाकली.

"थोरला बी असाच उडवायचा, आक्का. आपन बघत बसलो."

त्यांनी बाळ उचललं. "मालन, ऊठ."

"ती कशाला?" अक्काताई कडाडल्या.

"दवाखान्यात आई लागते," मी म्हटलं.

मिरजेला डॉक्टर बिवलकर म्हणून होते. थोडे खडूस. बाळाला त्यांनी चमच्यानं साखरपाणी पाजलं, मग बेंबीच्या वर, उजव्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटून थांबले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"लागली," ते म्हणाले. "बोराएवढी गाठ. जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड झालाय. आत दोऱ्याएवढी वाट राहिलीय."

"मी हात लावू?" वैजू म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तू कोण?"

"बहीण. आमी शाळंत केलंय हे चिखलाचं."

"अस्सं! मग लाव. हलक्या हातानं. पिकलं बोर असतं, दाबायचं नाही."

तिनं बोट टेकवलं आणि श्वास धरला. "हाय," ती कुजबुजली.

लगेच ऑपरेशन केलं नाही त्यांनी. ओकून ओकून अंगातलं मीठ-पाणी गेलेलं, ते आधी शिरेतून भरून काढावं लागलं. मग ऑपरेशन झालं. ते कसं असतं ते डॉक्टरांनी वैजूलाच समजावलं, कारण दुसरं कुणी विचारतच नव्हतं. दाराच्या कड्यावर बाहेरून लांब चीर द्यायची, स्नायू दोन्हीकडे फाकवायचा, पण आतलं नाजूक अस्तर कापायचं नाही. कडं सैल होतं, वाट मोकळी होते.

"शेंगंची साल चिरायची, दाणा न्हाई," वैजू म्हणाली.

"तुझ्या बाई तुला बरं शिकवतात," डॉक्टर म्हणाले. मग मालनकडे वळून म्हणाले, "ते फडकं सोडा आता. उद्यापासून थोडं थोडं अंगावर पाजायचं. दूध आईचंच."

मालनला वाटलं, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. ती खाली बघत म्हणाली, "माझं... माझं ईखारी हाय, सायेब."

"कोण म्हणतं?"

डॉक्टरांनी नर्सला हाक मारली आणि फडक्याच्या गाठी सोडवायला लावल्या.

दूध आटत आलं होतं. पण मूल चिवटपणे ओढत राहिलं आणि ते परतलं. पहिल्यांदा जेव्हा त्यानं पोटभर पिऊन काही उडवलं नाही, नुसती ढेकर दिली आणि झोपलं, तेव्हा हिंदुराव बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मालन मात्र रडली नाही. डॉक्टर फेरीला आले तेव्हा तिनं विचारलं,

"सायेब, माझा थोरला बी असाच उडवायचा. भितीपर्यंत. पांढरं. त्येचं बी ह्येच असंल का?"

"मी त्याला पाहिलं नाही, बाई."

"पर असंल का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही सांगता तसं असेल तर, बहुतेक हेच. भावाभावांत होतं कधी कधी."

"म्हंजे तवा आनला असता तर..."

डॉक्टरांनी मान हलवली. होकारार्थी. दुसरं काय करणार होते ते?

मालननं पदर सारखा केला. मांडीवरच्या मुलाच्या तोंडाशी लागलेला दुधाचा ओघळ तिनं बोटानं टिपला आणि त्या बोटाकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

घरी सोडलं त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गावी परतले. अक्काताईंनी देवीला खिरीचा नैवेद्य केला होता. दारात त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण फक्त बाळावरून. मालन आमच्या मागे उंबऱ्याबाहेर, पायरीखाली उभी होती.

"पावली गं बाई, माझी देवी पावली," अक्काताईंनी बाळाला छातीशी धरलं. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. "डाक्टरनं आतलं ईख धुतलं. आता पुन्यांदा भरू नगासा. गाईचं दूध काढून ठिवलंय."

"डॉक्टरांनी आईचंच द्यायला सांगितलंय," मी म्हणाले. "इतके दिवस तेच पितोय तो. बघा, कसा बाळसं धरतोय."

"ह्येला डाक्टरनं वाचिवला, बाई. थोरल्याला हिनं मारला. ते काय डाक्टर पुसणार हाय?" आणि मालनकडे न बघताच तिला म्हणाल्या, "गोठ्याकडनं आत ये. मळ्याच्या अंगानं नगं."

मी हिंदुरावांकडे पाहिलं. दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून रडलेला तो माणूस पायातला काटा शोधायला लागला होता. मालन वळली आणि गोठ्याकडे चालू लागली. वाद संपला होता. इतक्या सहज संपला होता की मला धडकी भरली.

"आई, थांब," वैजू म्हणाली.

ती अनवाणी मळ्यात पळाली. परत आली ती हातात पान घेऊन. कोवळं, तिखट, लखलखीत कळीचं पान. देव्हाऱ्यातली खिरीची वाटी तिनं उचलली.

"अगं ए, निवद हाय त्यो देवीचा!"

"दावलाय न्हवं? आता परसाद झाला."

जोत्याच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. वैजूनं त्यांच्या वाटेवर पान ठेवलं, पानाच्या मधोमध खिरीचा थेंब सोडला आणि उकिडवी बसली. "आत्या, बस. बघ."

अक्काताई बसल्या नाहीत, पण हलल्याही नाहीत. एक मुंगी पानाच्या कडेशी आली. मिशा हलवल्या. वळली. दुसरी आली, पुढचे पाय पानावर टेकवले, आणि चटका बसल्यासारखी मागे सरली. मग सगळी रांगच पानाला वळसा घालून जायला लागली. गोड खिरीकडे एकही फिरकली नाही.

"आत्या, देवीची खीर ईखारी हाय?"

"जीभ झडंल, कार्टे!"

"मग मुंग्या का माघारी फिरल्या? दूध बदललं, आत्या. मुंग्या न्हाई बदलल्या."

हे माझेच शब्द होते, आणि ते मी त्या दिवशी ओसरीवर नुसते बोलून सोडून दिले होते.

अक्काताई आता जोत्याला धरून खाली बसल्या. वैजूनं वाटीवरचं, बाजूला काढून ठेवलेलं झाकण उचललं आणि मालनपुढे धरलं. "आई, दे."

मालननं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे वळली, पदर पुढे घेतला. झाकणात जेमतेम तळ भिजेल एवढं दूध आलं. वैजूनं त्यातला एक थेंब पायरीच्या दगडावर सोडला. नुसत्या दगडावर, पानाशिवाय.

पहिली मुंगी आली ती थांबली. दुसरी तिच्याशेजारी. मग रांग मोडली. जोत्याखालून, फटीतून, तुळशीच्या बाजूनं मुंग्या यायला लागल्या, आणि त्या पांढऱ्या थेंबाभोवती त्यांचं काळं कडं तयार झालं. सगळ्यांची तोंडं आत. कडं जाड होत गेलं, थेंब लहान होत गेला.

"पानाला भ्याल्यात त्या," वैजू म्हणाली. "तिखट असतंय न्हवं पान. दुधाला न्हाई भ्याल्या."

अक्काताईंच्या मांडीवर बाळ होतं. त्यांचा हात त्याच्या पाठीवर थोपटता थोपटता थांबला होता. मग त्या बोलल्या, पण आमच्यापैकी कुणाशी नाही, त्या दगडाशी बोलल्यासारखं.

"माझी दोन गेली. सासूनं माझं बी... कळीच्याच पानावर ठिवलं हुतं."

हिंदुरावांनी मान वर केली. बहीण का नांदली नाही ते त्यांना तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मालनही अक्काताईंकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि दयाही नव्हती.

वैजूनं ते ऐकलं. मग ती पान तिथंच ठेवून उठली. आईच्या पायाशी बसली, तिच्या पायातल्या चपला आपल्या हातांनी काढल्या आणि मळ्याच्या तोंडाशी नीट जोडून ठेवल्या. आईचा हात धरला. आणि गोठ्याच्या बाजूनं नाही, तर सरळ समोरून, वेलांच्या त्या गार सावलीतून तिला शेवग्याखाली घेऊन गेली.